ताकायासू आर्टेरायटिस: लक्षणं आणि फ्लेअर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हा आजार होऊन अकरा वर्षं झाली, त्यात दोन मोठे फ्लेअर (म्हणजे शांत झालेला आजार परत उसळणं) आणि एक छोटा असे तीन बघितले. नवीन पेशंट किंवा त्यांचे आईवडील फोन करतात तेव्हा तेच ते प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण आतून काय वाटतंय आणि ते डॉक्टरांच्या कानावर कसं घालायचं हे पेशंटलाच शिकावं लागतं, खालचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

हा आजार नक्की काय आहे?

व्हॅस्क्युलायटिस म्हणजे रक्तवाहिन्यांना येणारी सूज. त्यात बरेच प्रकार आहेत, ताकायासू हा मोठ्या धमन्यांचा, म्हणजे हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या फांद्या ज्या हाताला, मानेतून मेंदूला, किडनीला रक्त नेतात. आपलीच रोगप्रतिकारशक्ती धमनीच्या भिंतीवर उठते, भिंत सुजून जाड होते, आतली वाट अरुंद होते, कधी पूर्ण बंद होते, आणि काही जणांत उलट भिंत सैल पडून फुगा येतो. बहुतेक वेळा चाळिशीच्या आत सुरू होतो आणि बायकांना जास्त होतो. मिकितो ताकायासू हे जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर होते, त्यांनी 1908 मध्ये 21 वर्षांच्या एका बाईच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या विचित्र दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचं वर्णन छापलं, त्यांचं नाव आजाराला मिळालं. अशा पेशंटची मनगटाला नाडीच लागत नाही हे त्यांच्याच काळातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून याला पल्सलेस डिसीज पण म्हणतात.

घरात दुसऱ्यांना होईल का?

संसर्गाने होत नाही. एकत्र जेवा, झोपा, काही फरक पडत नाही. एचएलए बी 52 नावाच्या जीनशी संबंध सापडलाय पण आईकडून मुलीकडे सरळ जाणारा हा आजार नाही. टीबीमुळे होतो का यावर खूप वर्षं चर्चा चालू आहे, सिद्ध झालेलं नाही.

सुरुवात कशी होते? आम्हाला आधी का कळलं नाही?

कारण सुरुवातीला जे होतं ते कशाचंही असू शकतं. संध्याकाळी कसर येते, अंग मोडून येतं, वजन उतरतं, रात्री घाम येतो, भूक जाते. आपल्याकडे असं काही झालं की पहिला संशय टीबीचा, मग थायरॉइड, मग हिमोग्लोबिन, आणि मुलगी पंचविशीची असेल तर लग्नाचं टेन्शन. माझं दीड वर्ष यातच गेलं.

नंतर धमन्या अरुंद होतात तेव्हा लक्षणं जरा बोलायला लागतात. केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, कणीक मळताना हात भरून येतो आणि खाली घेतला की दोन मिनिटांत बरं वाटतं. लोकलमध्ये वरचा दांडा धरून उभं राहवत नाही. वर बघितलं की घेरी येते, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. मानेच्या पुढच्या बाजूला, जिथे बोटाला ठोका लागतो बरोबर तिथेच दुखतं, बोट लावलं तरी दुखतं, आणि ते आपण घसा दुखतोय म्हणून सांगतो आणि घशाच्या गोळ्या घेऊन येतो. पायाच्या धमनीत असेल तर जिना चढताना पोटऱ्या भरून येतात.

एक गोष्ट मला नेहमी वाटते. वैद्य बायकांची नाडी डाव्या हाताची बघतात, आणि ताकायासूमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारी धमनी म्हणजे डाव्या हाताचीच. माझ्या आजीने मला तिच्या ओळखीच्या वैद्यांकडे नेलं होतं आणि त्या म्हाताऱ्या माणसाने तीनदा हात धरून बघितला आणि म्हणाले हिची नाडी मिळत नाही, मोठ्या डॉक्टरांकडे जा. पहिला बरोबर सल्ला मला त्यांनी दिला.

भारतातल्या पेशंटमध्ये काही वेगळं असतं का?

हो. 1997 मध्ये 80 जपानी आणि 102 भारतीय पेशंटची तुलना छापून आली होती. जपानमध्ये छातीच्या वरच्या भागातल्या धमन्या जास्त, म्हणून हात, मान, चक्कर. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या जास्त सापडतात, आणि किडनीला रक्त कमी मिळालं की ती बीपी वाढवते. पुरुष पेशंटचं प्रमाणही आपल्याकडे जपानपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे बायकांचा आजार म्हणून मुलग्यांच्या बाबतीत विसरू नका. वीस-बावीस वर्षांच्या कोणाचंही बीपी 170 आलं तर टेन्शनमुळे आलं म्हणून कृपया सोडून देऊ नका, चारही हातापायांचं बीपी आणि नाड्या बघायला सांगा.

बीपी कुठल्या हातात मोजायचं?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि यात खूप गोंधळ होतो. हाताची धमनी अरुंद असेल तर त्या हाताला प्रेशर कमी पोचतं, म्हणजे आत खरं बीपी 160 असेल तरी त्या हातात 95 दिसेल आणि तुम्हाला लो बीपी आहे, मीठसाखरेचं पाणी प्या असं सांगतील. मला हेच सांगितलं होतं एका दवाखान्यात. डाव्या हातात मशीन काही दाखवेना तर सिस्टर म्हणाल्या मशीन बिघडलंय, दुसरं आणलं, तेही बिघडलेलंच निघालं.

तर पहिल्यांदा दोन्ही हात आणि दोन्ही पाय असं चार ठिकाणी मोजून घ्यायचं आणि तुमचा खरा आकडा कुठे येतो ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. दोन हातांत 10 पेक्षा जास्त फरक असणं ही तर हा आजार ओळखायच्या 1990 च्या निकषांतली एक खूण होती. दोन्ही हातांच्या धमन्या बंद असतील तर मांडीला मोठा पट्टा लावून बीपी घेतात. पायाचं बीपी एरवीही हातापेक्षा थोडं जास्तच येतं, म्हणून तुमच्यासाठी किती आकडा ठीक ते विचारून ठेवा. मी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय, बीपी फक्त उजव्या हातात.

फ्लेअर म्हणजे काय आणि तो आलाय हे कसं ओळखायचं?

शांत झालेली सूज परत उसळते तो फ्लेअर. डॉक्टर साधारण चार गोष्टी बघतात, ताप-थकवा-वजन अशी अंगभर लक्षणं, रक्तातला ईएसआर (सूज दाखवणारी तपासणी), रक्त कमी पोचल्याची चिन्हं, आणि अँजिओग्राफीत बदल, यातल्या दोन किंवा जास्त नव्याने आल्या किंवा वाढल्या तर आजार ॲक्टिव्ह समजतात.

पण घरी बसून आपल्याला जे कळायला हवं ते म्हणजे दुखणं तीन प्रकारचं असतं, आणि मला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर किती रडणं वाचलं असतं.

एक जुनं नुकसान. धमनी एकदा अरुंद होऊन आतून जून झाली की सूज गेली तरी वाट रुंद होत नाही. म्हणून पोळ्या लाटताना हात भरून येणं हे आजार शांत असतानाही राहू शकतं. ते रोज साधारण तेवढंच असतं, उलट काही महिन्यांत आजूबाजूच्या छोट्या रक्तवाहिन्या वाढून पर्यायी रस्ता तयार होतो आणि थोडं कमीही होतं. याला घाबरायचं नाही, याला स्टिरॉइड (सूज दाबणारं मुख्य औषध) वाढवूनही उपयोग नसतो.

दुसरं नवीन सूज. यात काहीतरी बदलतं. मानेची शीर परत दुखायला लागते, कसर येते, जो हात चांगला होता तो पण जड व्हायला लागतो, बीपीचा आकडा चढतो किंवा ज्या हातात लागायचा तिथे लागेनासा होतो. बदल हा शब्द लक्षात ठेवा.

तिसरं औषधाचं. स्टिरॉइड कमी करताना सांधे आणि अंग आठवडा-दोन आठवडे दुखू शकतं, मूड जातो, झोप बिघडते. डोस जास्त असताना मांड्यांत जोर राहत नाही आणि खाली बसलं की उठवत नाही, तो स्नायूंवरचा परिणाम आहे. मला दोनदा वाटलं फ्लेअर आला आणि ते हे निघालं. पण हे आपण घरी ठरवायचं नाही, दिसेल ते सांगायचं, ठरवू दे डॉक्टरांना.

माझे ईएसआर, सीआरपी नॉर्मल आहेत, मग फ्लेअर नाही ना?

असं नाही म्हणता येत. आणि हे मी जीव तोडून सांगतेय कारण माझा दुसरा फ्लेअर यातच हुकणार होता. माझा ईएसआर 14 आला, सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) पण नॉर्मल, आणि तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तीन महिन्यांनी या सांगितलं. मी म्हटलं मान दुखतेय, उजवा हात जड वाटतोय, तर म्हणाले रिपोर्टमध्ये काही नाही, उगाच विचार करू नका. मी घरी आले. मग नवऱ्याने सहा आठवड्यांच्या नोंदी घेऊन मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी त्या नोंदी वाचून एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवर धमन्यांची तपासणी) करायला सांगितली आणि उजव्या बाजूची मानेतली धमनी जाड झालेली निघाली.

अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेने 1994 मध्ये 60 पेशंटचा अभ्यास छापला होता, त्यात आजार ॲक्टिव्ह असणाऱ्यांत साधारण चारातल्या एकाचा ईएसआर नॉर्मल होता, आणि शांत समजलेल्यांतही बऱ्याच जणांचा वाढलेला होता. इतकंच नाही, शांत समजून ज्यांचं ऑपरेशन केलं त्यांच्या धमनीचा तुकडा तपासल्यावर 9 पैकी 4 जणांत सूज सापडली. म्हणजे रक्ताचा रिपोर्ट हा एक साक्षीदार आहे, एकटा न्यायाधीश नाही. आणि टोसिलिझुमॅब नावाचं सूज दाबणारं इंजेक्शन चालू असेल तर ते सीआरपी खालीच दाबून ठेवतं, मग सीआरपी नॉर्मल येणार म्हणजे येणारच, त्यावरून काहीच कळत नाही. डॉपलर, एमआर अँजिओ, पेट स्कॅन यांची जोड लागते, आणि ते कधी करायचं हे डॉक्टरांना सुचतं ते तुमच्या बोलण्यावरून.

मग नोंद काय आणि कशी ठेवायची?

ॲप वगैरे लागत नाही. मी कालनिर्णयवर लिहायचे, दुधाचा हिशोब लिहितात तसं, त्या तारखेच्या चौकोनात एक-दोन शब्द. मा म्हणजे मान, क म्हणजे कसर, च म्हणजे चक्कर, बाजूला बीपी. रोज लिहायचा कंटाळा येतो तो मलाही येतो, ज्या दिवशी काही झालं त्या दिवशी लिहा आणि रविवारी बीपी-वजन लिहा, तेवढं पुरतं.

लक्षण कामात मोजा. वीकनेस आहे असं सांगितलं की समोरचा टॉनिक लिहून देतो, कारण आपल्याकडे वीकनेस हा शब्द सगळ्यालाच वापरतात. त्याऐवजी सांगा की आधी मी सलग पंधरा पोळ्या लाटायचे, आता सहाव्या पोळीला हात थांबतो. आधी तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता जायचे, आता पहिल्यावर पोटरी धरते. अशा वाक्यावर डॉक्टर पेन खाली ठेवून वर बघतात, माझा अनुभव आहे. चक्कर म्हणजे खोली फिरते की डोळ्यापुढे अंधारी येते, उभं राहिल्यावर येते की मान वर केल्यावर, हे पण वेगळं वेगळं सांगा. दुखतं कुठे तर एका बोटाने दाखवा.

आणि तारीख लिहा, तारीख सगळ्यात महत्त्वाची. लखनौच्या एसजीपीजीआय आणि वेल्लोरच्या सीएमसी या हॉस्पिटलांमधल्या आपल्या डॉक्टरांनी मिळून या आजारासाठी आयटास 2010 नावाचा स्कोअर बनवला आहे, तो जगभर वापरतात, त्यात गेल्या तीन महिन्यांत नव्याने आलेल्या किंवा वाढलेल्या गोष्टीच मोजतात. आता तुम्हालाच आठवत नसेल की मान दिवाळीआधी दुखायला लागली की संक्रांतीनंतर तर डॉक्टर मोजणार काय.

सतत थकवा असतो, तो लक्षण धरायचा का? घरचे म्हणतात आळस आहे.

आळस नाही. जगभरच्या पेशंटना विचारलं की ते थकवा आणि दुखणं वरती सांगतात आणि मोठ्या धमन्यांच्या व्हॅस्क्युलायटिसच्या अभ्यासात काय मोजायलाच हवं याची जी यादी तज्ज्ञांनी पेशंटना सोबत घेऊन केली त्यात थकवा आणि वेदना आहेत. थकवा सूज असताना येतो, रक्त कमी असल्यामुळे येतो, झोप बिघडल्याने, स्टिरॉइड कमी केल्याने, मन खचल्यानेही येतो, म्हणून एकट्या थकव्यावरून फ्लेअर म्हणत नाहीत. पण रोजचा थकवा आणि अचानक दुप्पट झालेला थकवा यातला फरक तुम्हाला कळतो, तो लिहा. सासूबाईंना किंवा आईला एकदा डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा. माझ्या सासूबाईंनी स्वतः माझ्या मनगटावर बोट ठेवून बघितलं, नाडी नाही लागली, आणि त्यानंतर मला घरात कोणी आळशी म्हटलं नाही.

फ्लेअर कशामुळे येतो?

बऱ्याचदा स्टिरॉइडचा डोस खाली आणताना येतो. म्हणून ते हळूहळू कमी करतात आणि सोबत मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट असं दुसरं औषध सुरुवातीपासून देतात, पुरत नसेल तर टोसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शनं. स्टिरॉइडचा सुरुवातीचा डोस बहुतेक मोठ्यांना दिवसाला 40 ते 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन असतो आणि वर्षभरात 10 किंवा खाली आणायचा प्रयत्न असतो. सगळं नीट घेऊनही फ्लेअर येतो, बऱ्याच जणांना येतो, त्यात तुमची चूक नाही. मी पहिल्या फ्लेअरनंतर महिनाभर स्वतःला कोसत बसले होते की लग्नात दगदग केली म्हणून आला. नका करू असं.

बरं वाटतंय, चेहरा पण सुजलाय, स्टिरॉइड बंद केलं तर?

एकदम बंद कधीच नाही. बाहेरून स्टिरॉइड मिळत असतं तेव्हा शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, एकदम बंद केलं की उलट्या, बीपी पडणं, बेशुद्ध होणं, जिवावर बेतू शकतं. चेहऱ्याची सूज डोस कमी झाला की उतरते, माझी उतरली. साखर, बीपी, डोळे, हाडं तपासून घ्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टर देतातच, पापड-लोणचं कमी करा.

मेथोट्रेक्सेट रोज घ्यायचं का?

नाही! आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहा आणि घरातल्या अजून एकाला सांगून ठेवा. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी. ताप आला तर पुढचा डोस घ्यायच्या आधी फोन करा.

काढे, गुळवेल, उपास चालतील का?

ज्येष्ठमध नको, हे खास सांगते कारण मानेतलं दुखणं घशाचं समजून आपण तेच चघळतो, आणि ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, त्यात स्टिरॉइड चालू असेल तर आणखीच. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले होते, आणि मेथोट्रेक्सेट पण लिव्हरवरच जातं, म्हणून मी घेत नाही. उपास करायचा तर गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका आणि चुकवू तर अजिबात नका. मी एकादशी सोडली, आईला वाईट वाटलं, मग तीच म्हणाली मी धरते तुझ्या वाटची.

स्टेंट टाकून धमनी उघडत का नाहीत?

उघडतात, पण सगळ्यांना गरज नसते आणि वेळ महत्त्वाची. सूज चालू असताना धमनी रुंद करायचा फुगा किंवा स्टेंट (जाळीची नळी) टाकला तर परत बंद पडायची शक्यता जास्त, म्हणून तातडी नसेल तर आधी आजार शांत करतात. किडनीची धमनी अरुंद होऊन बीपी आवरत नसेल तर मात्र विचार करतातच.

लग्न, मूल?

होतं. मला मुलगी आहे. पण आधी ठरवून. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट बाळाला घातक आहेत, ती आधीच बंद करून अझाथायोप्रिनसारख्या चालणाऱ्या औषधावर आणतात, आजार काही महिने शांत हवा, आणि बीपीवर बारीक लक्ष कारण मोठा धोका त्याचाच. डिलिव्हरीच्या वेळी ड्युटीवर असेल त्या प्रत्येकाला खरं बीपी कुठे मोजायचं ते सांगा, मी हातावर पेनाने लिहून घेतलं होतं.

रुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाताचे डॉक्टर ना? माझे सांधे दुखत नाहीत.

तरी तेच. व्हॅस्क्युलायटिस त्यांच्याच विषयात येतो. सोबत हृदयाचे डॉक्टर लागू शकतात.

वाट न बघता दवाखान्यात कधी जायचं?

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलताना शब्द अडखळणं, एका डोळ्याने अचानक दिसेनासं होणं, छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ, दम लागून झोपता न येणं, प्रचंड डोकेदुखी आणि बीपी खूप वर, हात किंवा पाय एकदम गार आणि पांढरा पडणं. यातलं काहीही झालं तर उद्या बघू नाही, 108 ला फोन करा. मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शनवर असताना थंडी वाजून ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा.

आणि तिथले डॉक्टर तुम्हाला ओळखत नसतील, म्हणून पर्समध्ये एक कागद ठेवा, आजाराचं नाव, कुठल्या धमन्या बंद आहेत, बीपी कुठल्या हातापायात घ्यायचं, स्टिरॉइड किती आणि कधीपासून, बाकीची औषधं, तुमच्या डॉक्टरांचा नंबर. मराठीत एक आणि इंग्रजीत एक. माझा लॅमिनेट करून घेतलाय, आणि डोस बदलला की नवीन करते.